अक्रोडाचं बूच

उस्ताद सैफुल्ला यांस,

सलाम. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही नाहीच. तेव्हा हे पत्र लिहिणं म्हणजे दुहेरी वेडेपणा. असू दे. पस्तीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं, शहाणपणा पुष्कळ करून झाला.

काल आपल्या गल्लीतून दंतवैद्याची नवी गाडी तेहरानला निघाली. त्याच्या आईने आधी गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरलं. दहा मिनिटं थांबली. मग गुडघ्यावर हात टेकून वाकली, कागद ओढून बघितला, कोरडा आहे म्हणाली, आणि मगच गाडीमागे वाडगंभर पाणी ओतलं. मी खिडकीतून विचारलं, बाई, पाणी समजलं, जाणारा सुखरूप परत यावा म्हणून सगळा मुलूख ओततो, पण हा कागद कशाला? म्हणाली, आमच्या हमदानात अशीच रीत आहे, पूर्वापार.

पूर्वापार कसली! पंचवीस वर्षांची आहे. ती रीत तुम्ही पाडलीत, आणि का पाडलीत हे जाणणारी माणसं आता दोनच उरली: समोरच्या घरात तुमची बायको गुलंदाम आणि इकडे मी. त्यातही एक गोष्ट अशी आहे की ती फक्त मला ठाऊक आहे. ती सांगायला बसले आहे. मध्येच उठू नका.

सुरुवात माझ्या पेकानपासून करते, कारण सुरुवात तिथेच झाली. युद्धाचं सातवं वर्ष होतं. यजमान गेल्यावर ती पांढरी गाडी माझ्या गळ्यात पडली होती. हमदानची थंडी तुम्हाला काय सांगायची. अलवंद डोंगरावर बर्फ उतरला की रात्रीत हौद गोठायचे. रेडिएटरमध्ये घालायचं न गोठणारं औषध बाजारातून गायब झालेलं. त्यामुळे सगळी गल्ली एकच करायची. संध्याकाळी रेडिएटरच्या बुडाचं बूच काढायचं, पाणी सोडून द्यायचं, सकाळी किटलीने कोमट पाणी भरायचं. रोजच्या या काढघालीने बुचाचे आटे झिजायचे. माझं थोडं गळायला लागलं, तर मी पक्कड घेतली आणि आवळलं. अजून गळलं, अजून आवळलं. एका संध्याकाळी डोकं माझ्या हातात आलं आणि दांडा आतच राहिला.

तुमचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. छताला टांगलेले रेडिएटर, कोपऱ्यात पाण्याचा हौद, आणि डाख देताना उठणारा तो तेजाबाचा वास. त्याने तुमची बोटं तपकिरी झाली होती आणि पुढे छातीही पोखरली. तुम्ही नमद्याचा, जाड लोकरी पटाचा, तुकडा अंथरून गाडीखाली शिरलात आणि खालूनच विचारलंत, याला कोणी मारलं? मी म्हटलं, पक्कडीने आवळलं. तुम्ही म्हणालात, "खानम, इतका कान पिळायला ही काय तुमची विद्यार्थिनी आहे?"

मला राग आला, पण तुमचे हात बघण्यासारखे होते. आत अडकलेल्या दांड्यात तुम्ही एक बारीक चौकोनी छिन्नी हलकेच ठोकून बसवलीत, उलट्या बाजूला वळवलीत, आणि दांडा दात पडावा तसा बाहेर आला. मग चिंधी काडीला गुंडाळून आटे आतून पुसलेत. मी शहाणपणा केला, म्हटलं, रोज पाणी काढण्यापेक्षा पाण्यात मीठ घालू, मिठाने गोठणबिंदू खाली जातो. तुम्ही गाडीखालून म्हणालात, म्हणजे रेडिएटरचं लोणचं. पितळ खाईल ते मीठ, वसंतापर्यंत चाळण होईल.

नवं बूच कुठेच नव्हतं. सुटे भाग सरकारी चिठ्ठीवर मिळायचे आणि चिठ्ठीला महिने लागायचे. तुम्ही हात पुसत बाहेर गेलात आणि थोड्या वेळाने पितळेचं बूच घेऊन आलात. मी विचारलं, कुठलं? होतं एक, म्हणालात. सुतळीचा धागा आट्यांवर गुंडाळलात, चामड्याचा वायसर घातलात, आणि मला खाली वाकायला लावून दाखवलंत. हाताने फिरेल तिथपर्यंत हाताने, मग पान्याने पाव फेरा. "त्याच्यापुढे आवळतो तो माणसाचा अहंकार," म्हणालात, "बुचाला त्याची गरज नसते."

मग पाणी भरलंत, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलंत, आतली हवा बुडबुड करून निघेपर्यंत थांबलात. आणि गाडीखाली वर्तमानपत्र पसरलंत. अक्षर वाचता येत नसताना तुमच्या दुकानात वर्तमानपत्रांची थप्पी असायची, ती याचसाठी. तांबूस डाग म्हणजे गंजलं पाणी, काळा म्हणजे तेल. मी एकदा म्हटलं होतं, उस्ताद, दुपारी तासभर या, अक्षरओळख करून देते. तुम्ही म्हणालात, मला डाग वाचता येतात, खानम, त्यातच पोट भरतं.

ते बूच कुठून आलं होतं ते मला त्याच संध्याकाळी कळलं. तुमची निळी पेकान दाराशी उभी होती आणि तुम्ही तिच्याखाली शिरून लाकडाचं बूच बसवत होतात. तुमच्या गावच्या, तुईसरकानच्या, अक्रोडाचं. चाकूने कोरलेलं, मेंढीच्या चरबीत उकळलेलं. स्वतःच्या गाडीचं पितळ काढून तुम्ही माझ्या गाडीला दिलं होतं. मी नको म्हणायला हवं होतं. एकदा म्हटलंही, पण नको म्हणायची आपल्याकडे जी पद्धत आहे तेवढंच. तुम्ही म्हणालात, तुम्हाला सातला शाळा, आमची घरची गाडी, समजून घेते.

मी मास्तरीण, विचारल्याशिवाय कशी राहीन? म्हटलं, लाकूड पाण्यात फुगून घट्ट बसतं हे खरं, पण रात्री पाणी काढलं की?

"सुकतं," तुम्ही म्हणालात. "म्हणून सकाळी पाणी भरायचं आणि दोन पेले चहा प्यायचा. दुसरा पेला संपेपर्यंत ते परत फुगतं. ज्याला घाई असेल त्याने बसने जावं."

तुमचा बहमन त्या सकाळी एकच पेला प्यायला.

तुम्ही दुकान उघडायला पुढे गेला होतात. कंगावरला कुणाचा ट्रक अडकला होता, त्याचा डाख दिलेला रेडिएटर पोचवायचा होता. असदाबादचा घाट दुपारनंतर बंद होईल असं रेडिओवर सांगितलं होतं, म्हणून बहमन घाईत. तेवीस वर्षांचा मुलगा, लग्न ठरलेलं. मागच्या सीटवर रेडिएटर आडवा घातला, आईच्या हातची रोटी आणि पनीर कोटाच्या खिशात कोंबलं. गुलंदाम तांब्याचं वाडगं भरून उंबऱ्यावर उभी होती. चहाचा दुसरा पेला तिने ओतूनही ठेवला होता. तिने हाक मारली, अरे, बाप काय सांगून गेलाय? तो म्हणाला, आई, तो चहा तूच पी, मी येईपर्यंत गार होऊ देऊ नकोस. गाडी निघाली, तिने मागे पाणी ओतलं. मी रस्त्याच्या या बाजूला माझी गाडी गरम करत उभी होते.

तो दुपारच्या आधीच घाटात थांबला. रेडिएटर कोरडा, इंजिन जाम. बर्फ सुरू झाला. गाडीत बसून राहिला असता तर रस्ता मोकळा करणाऱ्यांना तिसऱ्या दिवशी जिवंत सापडला असता की नाही, देव जाणे. पण तो किटली घेऊन पाणी शोधायला निघाला. गाडीपासून अर्ध्या फर्सखावर, कोसभर अंतरावर सापडला. किटली हातात होती.

यापुढचं तुम्ही घरातून बघितलंत. मी बाहेरून बघितलं, ते ऐका.

आपल्याकडे पाणी ओतूनही माणूस परत आला नाही, तर लोक रस्त्याकडे बघत नाहीत, ओतणारीच्या हाताकडे बघतात. सातव्या दिवशी बायका हलवा वाटत होत्या आणि शौकत, ती शिंप्याची बायको, माझ्या कानाशी म्हणाली, गुलंदामच्या हाताला गुण नाही गं, तिने पाणी ओतून पाठवलेला भाऊही युद्धावरून आला नव्हता. मला संताप आला. मी मोठ्याने म्हटलं, अडाणीपणा आहे हा, पाण्याचा आणि मरणाचा संबंध काय? मला वाटलं, मी मोठं धाडस केलं.

तुम्ही पुरुषांच्या खोलीतून उठून दाराशी आलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात की बूच माझं होतं, मी कोरलं, मी बसवलं, पाण्याचा दोष नाही. एवढं बोलून परत जाऊन बसलात. लोकांनी मान हलवली आणि मनात म्हटलं, बायकोला पाठीशी घालतोय.

पण गुलंदामच्या मनात शौकतचं बोलणं नव्हतंच. चाळिसावा दिवस झाल्यावर ती माझ्याकडे आली. कोर्सीच्या, शेगडीवरच्या चौरंगाच्या, रजईखाली पाय घालून बसली, चहाला हात लावला नाही. म्हणाली, "इफ्फतबाजी, तू शिकलेली आहेस. गाडी निघाली तेव्हा दगडांवर पाणी होतं. मला वाटलं माझंच. मी ओतलं नसतं तर कोरड्या दगडावर ते गळतं पाणी दिसलं असतं ना गं? माझ्या पाण्याने ते पाणी झाकलं."

उस्ताद, आता ऐका.

मला दिसलं होतं. तिने वाडगं उचलायच्या आधी दिसलं होतं. बहमन सीटवर रेडिएटर नीट लावत होता तेव्हाच गाडीच्या पुढच्या भागाखाली तळहाताएवढा ओला डाग होता, आणि तो वाढत होता. आणि गाडी गेल्यावर ओली रेघ गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. भांड्यात किती पाणी मावतं हे नजरेने सांगणं हा माझा धंदा. एक वाडगं पाणी चार पावलं जातं, फार तर सहा. कोपरा चाळीस पावलांवर आहे. मी डाग बघितला, रेघ बघितली, एक क्षण मनात आलं की हे जास्त आहे. मग घड्याळ बघितलं. सातला आठ मिनिटं कमी होती. मी गाडीत बसले आणि शाळेत गेले. तुमच्या बुचावर.

वाटेत तुमचं दुकान होतं. तुम्ही शटर वर ढकलत होतात. काच खाली करून दोन शब्द बोलले असते तर तुम्ही दुसऱ्याची गाडी घेऊन त्याला वेशीवर गाठलं असतंत.

आणि गुलंदामने विचारलं तेव्हा मी काय म्हटलं? म्हटलं, वेडी आहेस का, असं काही नसतं, मनातून काढून टाक. तिला उपदेश नको होता. तिला कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं की पाणी आधीपासून दिसत होतं, तुझ्या वाडग्याने काहीच झाकलं नाही, ज्याला बघायचं होतं त्याला दिसलं. ते सांगणारी सगळ्या हमदानात मी एकटी. मी तिला साखरेचा खडा पुढे केला. ती उठून गेली.

त्यानंतर तुम्ही रीत सुरू केलीत. गल्लीतून कुणाचीही गाडी लांब निघाली की तुम्ही दुकान सोडून कागद घेऊन यायचात. पसरायचात, वाट बघायचात, वाकून बघायचात. सुरुवातीला पोरं हसली. तुमच्यासमोर नव्हे. मग लोक तुम्ही येईपर्यंत थांबायला लागले, मग स्वतःच कागद पसरायला लागले. सगळ्यांना वाटलं, पोराच्या दुःखाने उस्ताद असं करतात. मला ठाऊक होतं की ते तुम्ही एकाच माणसासाठी करत होतात. कागद बघून झाला की तुम्ही तुमच्या दाराकडे वळून म्हणायचात, कोरडं आहे, ये. आता तुझं पाणी काही झाकणार नाही, असं तिला सांगत होतात. ती दारामागे उभी असायची, आम्हाला तिच्या डोक्यावरची चादर दिसायची. बाहेर आली नाही. पाणी ज्याचं त्याच्या घरचं कुणी ओतायचं. अशी नऊ वर्षं.

माझ्या गाडीचं बूच मी दोनदा काढून तुमच्याकडे घेऊन आले. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, आता माझ्याकडे गाडी कुठे आहे? दुसऱ्यांदा वायसर बदललात आणि परत बसवून दिलंत. पाव फेरा.

मग तुमची छाती गेली. इथल्या डॉक्टरांनी तेहरानचं नाव काढलं, फुप्फुसाचा एक तुकडा काढायचा ठरलं. हिवाळा सरत आला होता, नवरोजला महिना होता. एका दुपारी तुम्ही माझ्या दारात आलात, जिना चढून दम लागलेला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलंत. तेच वाडगं. नऊ वर्षांत आतली कल्हई उडून गेली होती, तांबं हिरवं पडलं होतं.

"मी तिला म्हटलं, मी जातोय, माझ्यामागे तरी ओत," तुम्ही म्हणालात. "म्हणाली, वाडग्याला कल्हई नाही. खानम, नऊ वर्षांत तिने पहिल्यांदा नाही म्हटलं नाही. सबब सांगितली. सबब काढून टाकता येते."

मी विचारलं, दुसरं वाडगं घ्या, घरात काय एकच आहे? तुम्ही म्हणालात, दुसरं दिलं तर तिला वाटेल तिची समजूत घातली, हेच पाहिजे. मी विचारलं, मग तुम्हीच का करत नाही, हयात डाख देण्यात गेली. तुम्ही हसलात, त्या हसण्याने खोकला आला. म्हणालात, माझ्या डाखात शिसं असतं, खाण्याच्या भांड्याला लावायचं नाही, हे मला कोणी शिकवलं? मीच शिकवलं होतं. तुम्हाला तेवढा बाजार चढवत नव्हता. मी दर गुरुवारी तांबटांच्या आळीतून सुकी फळं आणायला जायची, हे गल्लीला ठाऊक होतं. म्हातारा कल्हईवाला भट्टी गुरुवारीच पेटवायचा, हेही. मी म्हटलं, ठेवा, गुरुवारी देते. निघायला अजून तीन आठवडे होते.

पहिल्या गुरुवारी परीक्षेचे पेपर तपासायचे होते. दुसऱ्या गुरुवारी बर्फ होता. ही कारणं खरी आहेत आणि मी ती स्वतःला पुष्कळदा सांगितली. पण बर्फातही मी सुक्या फळांना गेले होते, उस्ताद. वाडगं घरी ठेवून गेले होते. कल्हई करून ते परत द्यायला गुलंदामच्या दारात जावं लागलं असतं. तिने ते हातात घेऊन माझ्याकडे बघितलं असतं आणि तोच प्रश्न विचारला असता. या वेळी साखरेचा खडा पुरला नसता.

तिसरा गुरुवार यायच्या आधीच तेहरानहून फोन आला, खाट रिकामी झाली, लगेच या. मंगळवारी सकाळी तुमच्या भाच्याची गाडी दाराशी लागली. तुम्ही स्वतः कागद पसरलात. वाकता येत नव्हतं, तर भाच्याने कागद ओढून तुमच्या डोळ्यांसमोर धरला. कोरडा होता. तुम्ही दाराकडे वळलात आणि म्हणालात, कोरडं आहे.

आणि गुलंदाम बाहेर आली. उंबऱ्यावर नाही, रस्त्यावर आली. हात रिकामे.

"वाडगं इफ्फतबाजीकडे आहे," ती म्हणाली.

तुम्ही दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी पायरीवर उभी होते. घरात पळत जाऊन ते हिरवं वाडगं तसंच आणून तिच्या हातात द्यायला किती वेळ लागला असता? वीस पावलं. मी म्हटलं, अजून झालं नाही, येत्या गुरुवारी नक्की.

तुम्ही मान हलवलीत. रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं.

"बरं," म्हणालात. "मग परत आल्यावर."

गाडी गेली. कोपऱ्यापर्यंत दगड कोरडे होते. गुलंदाम त्यांच्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

अकराव्या दिवशी तुम्हाला कफनात आणलं. सोळा वर्षं झाली. पेकान भंगारात दिली तेव्हा मी ते पितळेचं बूच काढून घेतलं, माझ्या टेबलाच्या खणात आहे. गुलंदामला आता ऐकू कमी येतं. शुक्रवारी मी तिच्याकडे सूप घेऊन जाते. आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो, रोटीच्या भावाबद्दल बोलतो. तिने वाडग्याबद्दल कधी विचारलं नाही.

कल्हईवाला गेला. त्याचा मुलगा बसतो तिथे, भट्टी अजून गुरुवारीच पेटवतो. काल गुरुवार होता. दंतवैद्याची गाडी गेल्यावर मी कपाटातून वाडगं काढलं, त्याचा कागद सोडला. कागदावर एकही डाग नव्हता, पिवळा पडला होता इतकंच. पायात बूट घातले, जिन्यापर्यंत गेले. समोर गुलंदाम दारात बसली होती, दगडांवर दंतवैद्याच्या आईने ओतलेलं पाणी सुकताना बघत.

मी परत फिरले. वाडगं त्याच कागदात बांधलं आणि होतं तिथे ठेवलं.